गाणे थांबते, डबा तापतो

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या सवच्या घरात जी धांदल असते, ती कोकणातल्या मैत्रिणींना मी वेगळी सांगायला नको. एका हाताला मोदकाच्या पिठीचे लगदे, दुसऱ्या हाताने मखराची दोरी धरलेली, आणि कान मात्र रस्त्याकडे. मुंबईहून धाकटे दीर येणार होते. रात्री नऊला निघालेली माणसे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला दारात उतरली. एरवी चार-पाच तासांची वाट. पण गणपतीच्या गर्दीत पनवेल, वडखळ, कोलाड, माणगाव अशी एकेक ठाणी ओलांडताना गाडी कमी चालते आणि उभीच जास्त राहते.

गाडीतून आधी उतरला तो आमचा सहा वर्षांचा पुतण्या, आणि तोही लंगडत.

"काकी, पाय भाजला," म्हणाला.

मला वाटले, वाटेत कुठे चहा सांडला असेल. तर टाचेवर चांगला दोन बोटे लांब, लाल पट्टा उठलेला. जाऊबाईंचा चेहरा उतरलेला. भाऊजी म्हणाले, "काही नाही वहिनी, सीटखाली अँप्लिफायर आहे ना, त्याला जरा पाय लागला. झोपेत होता."

सासूबाई तोवर आतून टूथपेस्टची नळी घेऊन आल्याच होत्या. मी ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि पोराला मोरीत नळाखाली बसवले. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी, चांगली वीस मिनिटे. बर्फ नाही, तूप नाही, पेस्ट तर नाहीच. पेस्टने आतली उष्णता आतच कोंडते आणि पुढे डॉक्टरांना जखम दिसतही नाही. सासूबाईंना हे पटले नाही, पण फोड आला नाही तेव्हा संध्याकाळी त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात यालाच पटणे म्हणतात.

पोरगा पाण्यात पाय हलवत म्हणतो, "काकी, आपल्या गावातल्या कुंडासारखं गाडीत पण गरम कुंड आहे."

आमचे सव गाव महाडजवळ, सावित्रीच्या काठी. इथे जमिनीतून आपोआप गरम पाणी येते. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, आमचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, पुढे अरवली, राजापूर, अशी ही कढत झऱ्यांची ओळच कोकणपट्टीत वरपासून खालपर्यंत गेलेली आहे. पावसाचे पाणी खोल मुरते, तिथे तापते आणि भेगांतून वर येते. ते तापलेले पाणी वाहून जाते म्हणून कुंड कुंड राहते. गाडीतल्या डब्याची उष्णता मात्र कुठेच जात नव्हती, आणि गोष्ट सगळी तिथेच अडली होती.

मिक्सर आवाज दळतो

मी हे सगळे कोणत्या अधिकाराने लिहिते आहे, असे एखादी विचारील. माझे माहेर पोलादपूरचे. वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसून डब्यातले स्क्रू निवडायची, आणि राळेचा तो कडवट-गोड धूर नाकात घेऊन घरी जायची. वडील म्हणायचे, "आधी नाक, मग हात, शेवटी मीटर." तेवढ्या शिदोरीवर मी घरचा मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन उघडत आले आहे. मोटारगाडी उघडली नव्हती.

भाऊजींना विचारले, "गाणं आपोआप बंद पडतं का?"

ते चपापले. "माणगावला पडलं. लाल दिवा लागला. पंधरा मिनिटांनी परत सुरू झालं. लोणेऱ्याला परत पडलं. मी म्हटलं, सीडीचं काहीतरी असेल."

"जळका वास?"

यावर जाऊबाई बोलल्या, "वास कधीचा येतोय. मी तीनदा सांगितलं. म्हणाले, पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील."

भाऊजी जरा रागावलेच. बोनसचे पैसे साठवून त्यांनी ही आवाजाची मांडामांड करून घेतली होती. आईंना कमी ऐकू येते, त्यांना गाडीतून अभंग ऐकवत रायगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायचे, असा त्यांचा बेत. आणि आता वहिनी हातात पेचकस घेऊन उभी. "वहिनी, हे मिक्सर नाही," असे ते म्हणाले.

मी म्हटले, "मिक्सरच आहे भाऊजी. फक्त आवाज दळतो."

खरेच पाहा. मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी कोरडीच घातली, वर पाणीही नाही, की तो घरघरतो, तापतो आणि एकदम बंद पडतो. मग आपण तो उलटा करून खालचे लाल बटण दाबतो. ते बटण म्हणजे बिघाड नव्हे. मोटार जळू नये म्हणून ठेवलेला पहारेकरी आहे तो. गाडीच्या अँप्लिफायरमध्येही असाच पहारेकरी असतो. आतली उष्णता ठराविक मर्यादेपलीकडे गेली की तो आवाज तोडतो, लाल दिवा लावतो. थंड झाले की पुन्हा जोडतो. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू होणारे गाणे म्हणजे नव्वद टक्के वेळा तापल्याचीच खूण. (थंड असतानाही, सुरू करताक्षणीच लाल दिवा लागत असेल, तर ते दुखणे वेगळे, बहुधा स्पीकरची तार कुठेतरी पत्र्याला टेकलेली असते किंवा आतला भाग गेलेला असतो.)

मुळात हा डबा तापतो तरी किती? भाऊजींच्या खोक्यावर मोठ्या सोनेरी आकड्यांत २००० वॉट छापलेले. असल्या आकड्यांवर साड्यांच्या सेलइतकाच विश्वास ठेवावा. डब्याच्या बाजूला फ्यूज पाहिले तर वीस-वीस अँपिअरचे दोन. म्हणजे डबा फार तर ४० अँपिअर घेणार. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. चाळीस गुणिले चौदा, ५६० वॉट. याहून जास्त वीज आत जातच नाही, तर २००० बाहेर कुठून येणार? शिवाय हा जुन्या धाटणीचा, ज्याला जाणकार एबी वर्ग म्हणतात तसला. त्यात आत गेलेल्या विजेपैकी निम्म्याहून थोडी जास्त वीज आवाज होते, बाकीची नुसती उष्णता. पूर्ण जोरात वाजवला तर दोनशे-अडीचशे वॉट उष्णता झाली. म्हणजे आपल्या हजार वॉटच्या इस्त्रीच्या पाव हिस्सा. आता ती पाव इस्त्री चालू करून सीटखाली सरकवा, वर गोधडी टाका, आणि त्यावर मूल झोपवा. मी हे भाऊजींना असेच सांगितले. त्यानंतर ते मुकाट्याने गाडीची किल्ली घेऊन आले.

(हल्ली डी वर्गाचे अँप्लिफायर मिळतात, त्यात ऐंशी टक्क्यांच्या वर वीज कामाला लागते आणि डबा पुष्कळ थंड राहतो. नवा घेणाऱ्यांनी हे जरूर विचारावे.)

आधी नाक, मग हात

सीट पुढे सरकवली. डबा गालिच्यावर चक्क उपडा ठेवलेला, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला ज्या ॲल्युमिनियमच्या पन्हळ्या असतात त्या खाली तोंड करून. गालिच्याचे केस तिथे काळपट झालेले. त्या पन्हळ्यांत वेफर्सच्या पुडीचे दोन तुकडे, एक खडूचा डबा आणि धाकट्या बाळाचे हरवलेले लोकरीचे मोजे. वर गोधडी. पोराची टाच लागली ती बाजूच्या उघड्या पत्र्याला. धातू ६० अंशांच्या पुढे गेला की काही सेकंदांतच कातडी भाजते, आणि झोपलेल्या मुलाला पाय काढायला तेवढे सेकंद लागतातच.

फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे हात जाईल एवढी जागा सोडावी, हे आपल्याला ठाऊक असते. डब्याचेही तसेच. पन्हळ्या उभ्या राहतील अशा तऱ्हेने तो बसवावा, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून वर निघून जाते आणि खालून गार हवा येते. चारी बाजूंना चार-चार बोटे मोकळी जागा. वूफरच्या पेटीवर मात्र तो कधीही ठोकू नये. हादऱ्यांनी आतले टाके निखळतात. आम्ही पुढे तो डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला प्लायवूडची फळी लावून तिच्यावर उभा बसवला. गोधडी डिकीत जाणार नाही याची हमी जाऊबाईंनी घेतली.

जागा बदलली म्हणजे झाले, असे आमच्या ह्यांचे मत. "एक छोटा पंखा लावा, कंप्युटरातला असतो तसा," असेही ते म्हणाले. पंखा वाईट नाही. पण डबा इतका का तापतो हे न बघता पंखा लावणे म्हणजे ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला नुसता बाम चोळणे. म्हणून मी पुढे गेले.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी मी बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून सासूबाईंच्या ओटीत दिले. सणाच्या दिवशी मंगळसूत्र काढले म्हणून त्यांनी तोंड फिरवले, पण हे करावेच लागते. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरे. पण अंगठीचे सोने बॅटरीच्या दोन टोकांमध्ये किंवा टोक आणि पत्रा यांच्यामध्ये आले, तर क्षणात लालबुंद होते आणि बोट हाडापर्यंत भाजते. पुरुषांनीही घड्याळाचा पट्टा काढावा. तारांना हात लावायचा तर आधी बॅटरीची वजा बाजू सोडवावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

बॉनेट उघडले. बॅटरीवरून लाल तार निघाली होती, चांगली अंगठ्याएवढी जाड. वाटेत एक काचेची फ्यूजची नळी. तिचे झाकण फिरवले आणि मी तिथेच थबकले. आतल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता.

मी भाऊजींना हाक मारली. त्यांनी पाहिले, आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना हे माहीतच नव्हते. ज्या दुकानात मांडामांड करून घेतली तिथे नंतर एकदा "फ्यूज सारखा जातोय" म्हणून गाडी नेली होती. दहा मिनिटांत "झालं साहेब, आता नाही जाणार" असे सांगून त्यांनी परत दिली होती. आणि खरेच, नंतर तो गेला नाही.

सासूबाई ओसरीवरून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुकरच्या व्हॉल्वच्या जागी खिळा ठोकला की रे मेल्यांनी!"

याहून नेमके कुणी सांगणार नाही. फ्यूज हा डब्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. गाडीची बॅटरी दिसायला गरीब. पण तिची तार कुठे सोलवटून पत्र्याला टेकली तर ती एका दमात शेकडो अँपिअर सोडते. मग ती अख्खी तार शेगडीच्या कॉइलसारखी तापते, तिचे वेष्टण पेटते, आणि ती जिथून जिथून गेली आहे, गालिच्याखालून, सीटखालून, तिथे तिथे आग. फ्यूज आधी वितळून हे थांबवतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, तारेला झेपेल एवढ्याच आकड्याचा हवा, आणि तो जात असेल तर का जातो हे शोधायला हवे. मोठा फ्यूज घालणे, तार गुंडाळणे, कागद गुंडाळणे, हे तीनही आगीला आवतण आहे.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्या मुलाला कडेवर घेऊन आत गेल्या. रात्रभर त्याच तारेवर आपण दोन्ही मुले झोपवून आणली, हे त्यांच्या मनात आले असणार. माझ्याही आले.

शेवटी मीटर

दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आरती झाली, नैवेद्य झाला, आणि दुपारी महाडचा एक ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आला. सणाच्या दिवशी येतो कोण! पण तो प्रसादाला आला आणि अडकला. मीटर त्याचा, प्रश्न माझे.

इंजिन चालू, गाणे मोठ्याने. बॅटरीवर मीटर लावला, १४.२ व्होल्ट. डब्याच्या टोकांवर लावला, ढोल वाजला की ११.६ पर्यंत खाली. अडीच व्होल्टच्या वर वीज वाटेतच गळत होती. ३० अँपिअर धरले तरी जवळजवळ ८० वॉट नुसते तारा आणि जोड तापवण्यात.

वीज कमी पोचली तर डबा थंड राहायला हवा, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटत असे. पण चांगल्या डब्यांच्या आत एक भाग असतो तो बारा व्होल्ट वाढवून हवे तेवढे करतो. व्होल्ट कमी मिळाले की तो भाग तेवढ्याच कामासाठी जास्त अँपिअर ओढतो आणि स्वतः तापतो. स्वस्त डब्यांत ही सोय नसते, तिथे आवाज लवकर चिरकतो, आणि चिरका आवाजही तापवतोच. त्यात गणपतीच्या गर्दीत गाडी उभी, इंजिन संथ, म्हणून विजेचे उत्पादन कमी. एसी चालू, दिवे चालू, बाहेरची हवा बंद. माणगावलाच डबा का बसला याचे उत्तर मिळाले.

आता ती जाड लाल तार. इलेक्ट्रिशियनने टोक सोलले. वेष्टणच जाड, आत तारेचा जीव करंगळीच्या निम्मासुद्धा नाही. एक धागा घेऊन त्याने सुरीने खरवडला, तर तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरे आले. म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा नुसता मुलामा. कल्हई केलेल्या भांड्याची उलटी तऱ्हा. अशी तार त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या दोनतृतीयांशसुद्धा वीज नीट वाहत नाही. तार विकत घेताना हा सुरीचा प्रयोग दुकानातच करावा. दुकानदार रागावला तर दुसरे दुकान बघावे.

आमच्याकडे नंतर १६ चौरस मिलिमीटरची निव्वळ तांब्याची तार आली, आणि ४० अँपिअरचा नवा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसला. पत्र्याच्या भोकातून तार जिथे आत शिरते तिथे रबराची कडी घातली. पूर्वी तिथे काहीच नव्हते. धारदार पत्र्यावर वेष्टण अर्धे कापलेले निघाले. फ्यूज सारखा का जात होता ते तेव्हा कळले.

अडीच व्होल्टपैकी सव्वा-दीड लाल तारेत गेले, उरलेले काळ्या तारेत सापडले. तिला कारागीर अर्थ म्हणतात. ती सीटच्या रंगवलेल्या बोल्टखाली दाबली होती, वर गंज. कोकणात हा जोड सगळ्यांत आधी बघावा, असे माझे मत झाले आहे. चार महिने हवेतच पाणी असते आमच्याकडे. आणि महाड परिसरात तर २२ जुलै २०२१ च्या पुराची आठवण कोण विसरेल? पाण्याखाली राहिलेल्या गाडीच्या जोडांत गंज आत आत चढत जातो आणि वरून गाडी चकचकीत दिसते. जुनी गाडी घेताना याचा विचार करावा. उपाय सोपा आहे, नुसता वेळखाऊ: पत्रा चकचकीत पांढरा होईपर्यंत रंग खरवडायचा, दातेरी वायसर घालून घट्ट आवळायचे, वरून व्हॅसलीनचा हात द्यायचा. अर्थची तार लाल तारेइतकीच जाड आणि होईल तेवढी आखूड, दीड फुटाच्या आत.

एवढे केल्यावर आम्ही गाणे लावले. डबा उशिरा तापला, पण तापलाच.

तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, लोड बघू."

वूफर दोन होते. प्रत्येकी चार ओहमचे. ओहम म्हणजे वाटेतला अडथळा, असे समजा. टाकीला एक नळ असेल तर पाणी एका धारेने जाते. शेजारी दुसरा नळ सोडला तर अडथळा निम्मा आणि पाणी दुप्पट. दुकानदाराने दोन्ही वूफर असे शेजारी-शेजारी जोडले होते, म्हणजे डब्याला अडथळा उरला दोन ओहमचा. आणि डब्याच्या दोन वाटा एकत्र करून, ज्याला ब्रिज म्हणतात तशा, त्यावर ते लावले होते. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिले होते: ब्रिज केल्यास कमीत कमी ४ ओहम. चष्मा लावून मी ते मोठ्याने वाचले, भाऊजींना ऐकू जाईल असे. (हे मला टाळता आले असते.)

तारा सोडवून मीटरने मोजले तर १.७ भरले. मीटरवर नेहमीच छापील आकड्यापेक्षा थोडे कमी दिसते, चारचा वूफर सव्वातीन-साडेतीन दाखवतो. त्यामुळे हिशेब बरोबर जुळला. मग दोन्ही वूफर एकामागून एक जोडले, आगगाडीच्या डब्यांसारखे. झाले आठ ओहम. आवाज थोडा उतरला, भाऊजींचे तोंडही उतरले, पण डब्यावरचा भार एकदम हलका झाला. मला विचाराल तर मुख्य दुखणे हेच होते. बाकी सगळ्यांनी त्यात भर घातली.

राहिले ते गेनचे बटण. डब्यावर हे छोटे खाचेचे बटण असते आणि सगळे त्याला आवाजाचे बटण समजून शेवटपर्यंत पिळतात. ते आवाजाचे नव्हे. पुढच्या रेडिओतून येणारी शक्ती आणि डबा यांची जोडी जुळवण्यापुरते ते आहे. गरजेपेक्षा जास्त फिरवले की आवाजाच्या लाटांची शेंडी कापली जाते, गाणे चिरके आणि बोजड होते, डबा तापतो आणि स्पीकरची गुंडाळीही जळते. मिठासारखे जपून घालावे: आधी बेस वाढवणारे बटण शून्यावर, गेन अगदी खाली, मग रेडिओचा आवाज पाऊण करून गेन हळूहळू वाढवायचा, आणि जरासे चिरकल्यासारखे वाटले की तिथून थोडे मागे यायचे. इथे कारागिराचा नव्हे, स्वयंपाकिणीचा कान उपयोगी पडतो. तेल तापल्याचा आवाज जिला कळतो, तिला हा फरक लगेच कळतो.

एक प्रश्न आम्ही विचारायचा राहिलो होतो तो इथे सांगते, कारण तो खरे तर पहिला विचारायला हवा. गाणे बंद, आवाज शून्य, नुसता डबा चालू. अशाही वेळी तो अर्ध्या तासात हात ठेववणार नाही इतका तापतो का? तापत असेल तर दोष आतच आहे. तिथे घरच्या घरी काही करू नये, दुरुस्तीला द्यावा. तसेच धूर, कुजक्या मासळीसारखा वास, किंवा आतल्या उभ्या नळ्यांची टोपणे फुगलेली दिसली तर पुन्हा चालू करून बघण्याचा मोह टाळावा. आणि गाडी चालताना जळका वास आला तर ट्रकच्या ब्रेकवर न ढकलता गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, आधी मुले उतरवावीत. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते एकदम सताड उघडू नये, हवा मिळून ज्वाळा उठतात. कोरड्या पावडरीचे छोटे अग्निशामक पुढच्या सीटजवळ बांधून ठेवता येते. भाऊजींच्या गाडीत ते आहे आता. मिळाले ते जाऊबाईंच्या पैशांतून.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आम्ही सगळे गाडीतून पोलादपूरला गेलो, माझ्या माहेरी. पुढे कशेडी घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, तास-सव्वा तास, अभंग चालू. सासूबाई पुढे बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "अरे, जरा हळू कर, मला ऐकू येतंय." भाऊजींनी आवाज कमी केला. घरी आल्यावर डिकी उघडून मी डब्यावर उलटा हात ठेवला. दूध विरजायला लावतो तेव्हा असते तेवढे कोमट. मीटर लावला तर ढोलाच्या ठोक्यालाही १३.६ च्या खाली आला नाही.

परत जाताना त्यांनी पनवेलहून फोन केला. जाऊबाई बोलत होत्या. "मुलं झोपलीत. मी मघाशी उतरून डब्याला हात लावून आले, बरा आहे." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "पण वहिनी, ह्यांनी माणगावला चहाला थांबलो तेव्हा पेचकस काढला होता. ते गेनचं बटण थोडं फिरवलंय, मला दिसलं."

मी म्हटले, "फोन द्या त्यांच्याकडे."